कुबातला बेसूर करण्याचा बेत

कुबातचा कीबोर्ड भर लग्नात एकदा, फक्त एकदाच, बेसूर व्हावा असं मी ठरवलं. बाकी त्याचं काही वाईट चिंतलं नाही.

नुरजात माझी बायको. बिश्केकमधल्या लग्नांत ती कीबोर्ड वाजवते आणि तिच्याशेजारी बसून दुसरा कीबोर्ड हा कुबात वाजवतो. दोन्ही कीबोर्डांच्या वायरी एका लॅपटॉपला जातात, आवाज तिथून निघतो, आणि लॅपटॉपपाशी मी बसतो (वीजमंडळात नोकरी असल्यामुळे वायर दिसली की घरचे मला पुढे करतात).

"कुबातला सांगावं लागत नाही," नुरजात जेवताना म्हणायची. "माझ्या मनात आलं की तो सूर बदलतो."

(मला ती दोनदा सांगते, तरी मी दुकानातून भलतंच आणतो.) आमची आपा, माझी सख्खी आई, तीसुद्धा खिमा भरलेली मोठी मोठी मांती वेचून त्याच्या ताटात वाढते. भरीस भर म्हणजे संध्याकाळी नुरजात खिडकीशी बसून काहीतरी टाइप करायची आणि गालातल्या गालात हसायची. कुणाला लिहितेस म्हटलं तर, "लोकांना मदत करते." लोक म्हणजे कोण, हे कळायला काय ज्योतिषी लागतो? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कीबोर्डातून लॅपटॉपकडे निघालेला सूर वाटेतच पकडायचा असेल, तर त्यासाठी प्रोग्रामची एक तयार लायब्ररी मिळते. फुकट, साऱ्या जगाला खुली. तिच्या प्रश्नांच्या पानावर मी 'लांडगा' या नावाने लिहिलं, "माझ्या एका मित्राला दुसऱ्याचा कीबोर्ड गुपचूप अर्धा सूर वर चढवायचा आहे. कसं करावं?"

'कुरुत' नावाच्या कुणा भल्या माणसाने लगेच प्रोग्राम लिहून दिला. खाली बजावलं, "कीबोर्ड त्याच्या नावाने निवडा, नंबराने नको. वायर काढून घातली की नंबर बदलतात. पण त्या दुसऱ्याने केलंय काय?"

"मित्राची बायको त्याचं फार कौतुक करते."

"आणि मित्र बायकोचं करतो का?"

हा प्रश्न विषयाला सोडून होता. मी पान बंद केलं आणि कुबातच्या कीबोर्डाचा नंबर टाकला. नाव टाइप करत कोण बसणार?

लग्न नुरजातच्या चुलतबहिणीचं. नारिनहून तिचं सगळं माहेर आलं होतं. कोमुझखेरीज कशालाही वाद्य न मानणारे माझे सासरे लेकीचं वाजवणं आज पहिल्यांदाच ऐकणार होते. सकाळपासून तिच्या घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता. एवढ्यात बेशबार्माकच्या ताटांची गाडी ढकलत आलेल्या वाढप्याने दोन्ही वायरी उपटल्या. कुबातने त्या परत खोचल्या. मी पाहत होतो, पण म्हटलं, वायर ती वायर.

गाणं सुरू झालं. मी बटण दाबलं. कुबात सुरात होता, आणि नुरजात अर्धा सूर वर.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. सासऱ्यांनी मान फिरवली. पण कुबातने एकदाच तिच्याकडे पाहिलं, आपल्या कीबोर्डावरचं एक बटण दाबलं आणि तोही अर्धा सूर चढून तिला जाऊन मिळाला. लोकांना वाटलं मुद्दामच केलंय, टाळ्या पडल्या. नुरजातने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तसं तिने माझ्याकडे कधी पाहिल्याचं आठवत नाही.

माझं डोकं फिरलं. मी तिची वायर ओढून काढली.

आता, लॅपटॉपला पट्टी दाबल्याचा निरोप वेगळा येतो आणि सोडल्याचा वेगळा. दुसरा निरोप माझ्या हातातल्या वायरीत राहिला. एक सूर जो लागला, तो थांबेना. कुबात थांबला, नाचणारे थांबले, सूर चालूच. समारंभ चालवणाऱ्या तमादाने प्रसंग सावरायला माईक माझ्या हातात दिला. "आता वाजवणाऱ्या बाईंचे यजमान नवरानवरीला शुभेच्छा देतील."

"मुलांनो," मी म्हणालो. भोंऽऽऽ. "संसारात एकमेकांवर," भोंऽऽऽ, "विश्वास ठेवा."

नुरजात उठली, लॅपटॉपपाशी आली, पडद्यावरचा माझा प्रोग्राम तिने वरपासून खालपर्यंत वाचला आणि एक बटण दाबून सूर बंद केला. मग मला वगळून त्या दोघांनी कार्यक्रम पुरा केला. निघताना सासऱ्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "छान वाजवलंस. जावयाचं भाषण तेवढं नको होतं."

आम्ही गाडीत बसून घरी निघालो.

"तुमच्या मित्राची बायको कशी आहे?" नुरजातने विचारलं.

"कोणत्या मित्राची?"

"लांडग्याच्या. दोन दिवस मला त्या बिचारीची काळजी लागली होती. नावाने निवडा म्हणून लिहिलं होतं ना मी?"

मला गाडी कडेला घ्यावी लागली. कुरुत म्हणजे ही! रोज संध्याकाळी मदत करत होती ती याच लोकांना, आणि त्या लोकांत मीही होतो.

"माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आलं नाही," ती म्हणाली.

मला खरंच लाज वाटली. घसा खाकरून मी हळूच म्हणालो, "नुरजात, तू फार सुंदर वाजवतेस."

तेवढ्यात मागच्या सीटवरून कुबात म्हणाला (त्याला घरी सोडायचं आहे हे मी पार विसरलो होतो), "दादा, जरा अर्धा सूर वर घ्या. मागे ऐकू आलं नाही."