पीटर नाखव्यांच्या लग्नाच्या कोटाची हकीकत

वसई प्रांती पंधरा ऑगस्टचे सुमारास जी थोर मसलत घडली, तिचे साद्यंत वर्तमान पुढील पिढीस ठाऊक असावे, नाही तर ते मोबाइलात राहील आणि मोबाइल बदलताच बुडेल, या भये हा मजकूर लिहिला असे.

वसईत इतिहास जागर मंडळ म्हणोन मातबर दौलत. अधिपती राजश्री शांतारामपंत, बँकेतून निवृत्त, फ्लॅटधारकांत श्रेष्ठ. मंडळ सालोसाल मिठाच्या सत्याग्रहाचा देखावा करी. सत्याग्रही व्हावयास अवघी सोसायटी कंबर बांधून सिद्ध, आणि लाठी चालविणारा गोरा साहेब व्हावयास कोणी राजी नसे. मग पाचूबंदरचे पीटर नाखवा, मासेमारीत नामांकित, यांस पाचारण होई. सबब पुसता पंत फर्मावीत, की पीटरांपाशी लग्नाचा काळा कोट आहे. कोट तर पंतांच्या कपाटातही होता. परंतु साहेब ख्रिस्ती माणसासच शोभतो, ही मनीची गोष्ट दरबारी कोणी काढीत नसे.

पीटर मुकाट लाठी चालवीत आणि प्रेक्षकांचे शिव्याशाप सोशीत. पुढे बाजारात पोरे त्यांची कन्या ज्युलिएट इजला इंग्रजाची पोरगी म्हणो लागली, आणि ती रडत घरी आली, तेव्हा पाणी डोक्यावरून गेले.

मग यंदाचे तालमीस पीटर कोटावाचून आले आणि भर सभेत इतकेच बोलिले, “माजा आजा पन मिठाच्या मोर्च्यान व्हता. डोका फोडून घेतला त्यानं. मी किती वरसं मारीतच रानार?”

मग खलबते जाहली. पंतांनी तहाचे बोलणे लाविले, की पीटरांनी पहिले प्रवेशी साहेब व्हावे आणि दुसरे प्रवेशी सत्याग्रही. पीटरांनी तह फेटाळिला. मग कोणी मसलत दिली की सातिवलीच्या कारखान्यातून एखादा घारा मॅनेजर आणवावा. तो रजा मिळत नाही म्हणोन निसटला. ऐसा इंग्रजांचा दुष्काळ वसईत पूर्वी कधी पडला नव्हता. तेव्हा दिग्दर्शिका विनिताबाई, पंतांच्या सूनबाई, यांनी अदबीने अर्ज केला, की बाबा, आपल्या कपाटात कोट आहे. घरचाच भेदी, पंत काय करितात?

स्वातंत्र्यदिनी सभागृह तुडुंब. पंतांनी कोट चढविला, बटण पोटावर लागेना. अवघी सभा धिक्कार करो लागली आणि त्यात स्वतःचा नातू सर्वांत मोठ्याने, तेव्हा पंतांनी उगारिलेली लाठी खाली घेतली. समोर पीटर मूठभर मीठ घेवोन उभे. ते हळूच बोलिले, “पाठीवर मारा काका, लागत नाय.”

पंतांनी लाठी चालविली. पीटर कोसळले, मूठ सोडिली नाही. ज्युलिएट खुर्चीवर उभी राहोन मागल्या रांगेतील पोरांस म्हणाली, “तो पडलाय ना, तो माझा पप्पा.” ग्रेसीबाईंस, पीटरांच्या कुटुंबास, रडू आवरेना. आम्हांसही आवरले नाही, हे लपवीत नाही.

येणेप्रमाणे पीटर नाखवा यांस आपले गावी मार खावयाचा मान प्राप्त जाहला आणि मोहीम फत्ते जाहली. दुसरे दिवशी बाजारात पोरांनी पंतांस इंग्रज म्हणोन हाक मारिली. पंत थांबले, आणि त्यांनी ओ दिली, हेही दप्तरी नमूद असावे.