शिरेस दाह होऊ नये म्हणून

मी आता जे सांगणार आहे त्यावर आजवर कुणाचाही विश्वास बसलेला नाही, आणि तुमचा बसला तर मी तो माझ्या गोष्टीचा अपमान समजेन. पण इंजेक्शनच्या खोलीबाहेरच्या या बाकावर नंबर लागेपर्यंत तुम्हाला दुसरं कामही नाही. तेव्हा जरा सरका आणि ऐका.

याच इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डात मी छातीत कफ भरून पडलो होतो. शेजारच्या खाटेवर पैलवान. नुसता म्हणायला पैलवान, धंदा कुलपं दुरुस्त करायचा. पायात गंजका पत्रा घुसला, जखम चिघळली आणि पाय गुडघ्यापर्यंत उशीसारखा फुगला. औषध पूर्ण आणि वेळेवर गेलं तर पाय राहील, नाहीतर कापावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्याची बायको खाटेला स्टूल लावून बसलेली असे. तिची नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावर नसे, सलाईनच्या थेंबांवर असे.

ते औषध द्यायची आमची सिस्टर. कुपीत पांढरी पूड असायची. तीत सुईने पाणी सोडायचं आणि कुपी दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. खळखळा हलवायची नाही. फेस झाला की औषध नीट ओढता येत नाही. पूड विरघळली की कुपी उजेडाकडे धरून एक डोळा बारीक करून बघायची. मग ते सगळं सलाईनच्या पिशवीत, पिशवीवर पेशंटचं नाव, आणि पुढे तासभर थेंब थेंब.

एकदा सुधारणा विभागाचे साहेब पाहणीला आले. सिस्टर शांतपणे उभी राहून काहीतरी फिरवते आहे हे पाहून त्यांना संशय आला. हा काय प्रकार, असं त्यांनी विचारलं.

“सरळ टोचलं तर शीर जळते, साहेब. विरळ करून सावकाश दिलं की पेशंटला सोसतं,” सिस्टर म्हणाली. “औषध मात्र तेवढंच लागतं हं.”

यातलं शेवटचं वाक्य साहेबांनी ऐकलं नाही. त्यांच्या पदाला एका वेळी दोनच वाक्यं ऐकण्याचे अधिकार होते. पण त्या दोनांनीच त्यांचा चेहरा असा उजळला की समोरच्या खाटेवरच्या पेशंटने डोळ्यांवर हात धरला. पिशवी मोठी दिसते, वेळ जातो आणि कुणी ओरडत नाही! उभ्या नोकरीत ते जे शोधत होते ते एका कुपीत सापडलं होतं.

लगेच परिपत्रक निघालं. ‘कोणतीही सेवा तीव्र स्वरूपात दिल्यास संबंधितांच्या शिरेस दाह होण्याचा संभव आहे. सबब यापुढे सर्व सेवा योग्य प्रमाणात विरळ करूनच देण्यात याव्यात.’

सुरुवात सिस्टरपासूनच झाली. एका वॉर्डाला अख्खी एक सिस्टर ही मात्रा भलतीच तीव्र ठरली, म्हणून तिला चार वॉर्डांत मिसळण्यात आलं. बघता बघता ती इतकी पातळ झाली की तिच्यातून मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसायला लागलं. चपलांचा आवाज आमच्या वॉर्डात, तर ‘आले हं’ हा आवाज तिसऱ्या वॉर्डात. डॉक्टरांना तर सबंध इमारतीत मिसळलं. सकाळी त्यांच्या साबणाचा वास येऊन जाई, तीच राउंड समजायची. वास आला की आम्ही आपापली जीभ बाहेर काढून दाखवत असू.

पैलवानाच्या पिशवीला उशीर व्हायला लागला. ताप चढला, लाली गुडघा ओलांडून मांडीकडे निघाली. बायकोने तक्रार केली. तीही नियमाप्रमाणे विरळ करण्यात आली. आधी उपसमितीत विरघळवली, फेस न होऊ देता हळूहळू फिरवली, मग मुख्य समितीत मिसळून वरून एकेक शब्द सोडला. साहेबांना काडीची जळजळ झाली नाही. ‘आपली तक्रार शरीरात गेली आहे, गुण येण्यास धीर धरावा,’ असं उत्तर आलं.

मग साहेबांनी कळस केला. एका कुपीतून एक पिशवी होते, तर आणखी पाणी घातल्यास अख्खा वॉर्ड का भागू नये? बिनतोड सवाल! एक भलंमोठं निळं पिंप आणून वॉर्डाच्या मधोमध ठेवलं. पिंपात एक कुपी, आणि पिंपातून खाटाखाटांना नळ्या. सिस्टरचा त्या वेळी जेवढा भाग आमच्या वॉर्डात होता तेवढा म्हणाला की पाणी वाढलं म्हणून औषध वाढत नाही. साहेबांनी ही नोंद घेतल्यासारखी मान हलवली आणि वॉर्डाकडे वळून विचारलं, “कुणाची काही हरकत?”

आणि मंडळी, इथेच मी उठलो. हाताला सुई तशीच, अंगात ताप. सलाईनचा स्टँड उपटला आणि पिंपाला असा टोला हाणला की पाण्याचा लोंढा जिन्यावरून खाली निघाला. साहेब त्यात बसूनच आपल्या कचेरीत पोहोचले, टेबलापाशी उतरले आणि पहिली सही परिपत्रक रद्द केल्याची केली. पैलवानाला अख्खी कुपी मिळाली. आज तो दोन्ही पायांनी दुकानाची पायरी चढतो, ते कुणामुळे, हे मी माझ्या तोंडाने कशाला सांगू?

बाकावरच्या एका आजीने मला हात जोडले. एकाने टेकायची जागा दिली. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि तीच सिस्टर बाहेर आली.

“आजपासून या खोलीत एकच सिस्टर,” तिने सांगितलं, “आणि ती पलीकडच्या खोलीत बसेल. वरून आलंय. कुणाची हरकत?”

आजी पंख्याकडे बघू लागली. जागा देणारा पिशवीत किल्ली शोधू लागला. तुम्ही तर काहीतरी वाचण्यात असे गढलात की मानसुद्धा वर केली नाहीत. मला नेमका खोकला आला.

सिस्टरने माझा खोकला संपू दिला.

“बघा काका, त्या दिवशी अस्संच झालं होतं. मी पातळ झाले ते खरं. माझ्यातून घड्याळ दिसत होतं तेही खरं असेल, मला आरशात बघायला वेळ कुठे होता? पण स्टँडला कुणी बोट लावलं नाही. पैलवानाची बायको एकटी पिंपाला आडवी गेली आणि नवऱ्याची अख्ख्या कुपीची पिशवी संपेपर्यंत तिने मला वॉर्डाच्या दाराबाहेर जाऊ दिलं नाही. तुमच्यासकट अख्खा वॉर्ड चादरी डोक्यावरून ओढून घोरत होता, भर दुपारी. आज तर कुणाजवळ चादरही नाही.”