कोंडाजींची निर्दोष सुटका

सारजाबाईंचं बीपी कुणामुळे वाढतं, हे उरवड्यात अकरा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. कोंडाजींमुळे. हा निकाल त्यांचा मेव्हणा सुधीर याने दिला होता आणि गावाने तो बिनविरोध मंजूर केला होता. तीन-तीन गोळ्या घेऊनही पारा एकशे ऐंशीच्या खाली येईना, तेव्हा पिरंगुटच्या डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "घरात शांतता ठेवा."

ती ठेवायचं काम कोंडाजींच्या गळ्यात पडलं. कंपनीच्या कामगारांना भाड्याने दिलेल्या आठ खोल्या ज्याच्या आवाजाने हादरायच्या, तो माणूस स्वतःच्या घरात दबक्या पावलांनी वावरू लागला. पत्ते सुटले. दुधीची अळणी भाजी निमूट गिळावी लागली. चुकून आवाज चढलाच, तर शेजारची तुळजाबाई भिंतीपलीकडून विचारायची, "वैनीचं बीपी बगितलं का आज?"

यंदा सुधीरने बहिणीला पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कोंडाजी आरोपीसारखे मागे बसले. बाईंनी पोटावर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि स्कॅन काढायला लावला. मूत्रपिंडाला रक्त नेणारी नस जागोजाग आवळलेली, मधे मधे फुगलेली, थेट मण्यांच्या माळेसारखी निघाली.

"याला फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया म्हणतात," बाई म्हणाल्या. "नसेची भिंतच वेडीवाकडी वाढते. तुमचं बीपी त्यामुळे चढतंय. यात कुणाचा दोष नाही."

कोंडाजी खुर्ची ओढून पुढे आले. "कुणाचा न्हाई म्हंजी नवऱ्याचाबी न्हाई?"

"नाही."

"तेवढं लिहून द्या मॅडम. सहीशिक्क्यासकट."

बाईंनी हसत लिहून दिलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "ही नस फुगा घालून रुंद करता येईल. पण एका ठिकाणी असा दोष सापडला की मानेतल्या आणि मेंदूतल्या नसाही एकदा बघाव्या लागतात. मेंदूत कुठे फुगवटा असला, तर तो धोका वेगळा."

कोंडाजी कागदाची घडी घालत होते. त्यांना पुढचं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कागदाचं लॅमिनेशन झालं. तो केशकर्तनालयात फिरला, दूध डेअरीत फिरला, भाडेकरूंना हिंदीत समजावून सांगण्यात आला. तुळजाबाईला तर दोनदा वाचून दाखवला. मेंदूच्या स्कॅनची तारीख एकदा पुढे ढकलावी लागली, कारण त्याच दिवशी तंटामुक्ती समितीची बैठक होती आणि कागद तिथे वाचायचा राहिला होता.

घरातही अकरा वर्षांची थकबाकी निघाली. चहा गार का, सदऱ्याचं बटण कुटं गेलं, दुधी आता बंद. सारजाबाई सगळं ऐकून घेत. बायको मुळातच शांत स्वभावाची आहे, असं कोंडाजी चारचौघांत कौतुकाने सांगत.

शेवटी सुधीरच गाडी घेऊन दारात आला. "दाजी, तिच्या डोक्यातली नस फुटली, तर ह्यो कागद उशाला घिऊन झोपणार का?"

कोंडाजी टोपी चढवून मुकाट्याने गाडीत बसले.

स्कॅनला आत जाताना सारजाबाईंनी मंगळसूत्र आणि कुड्या काढून त्यांच्या हातात दिल्या. अंगावर एकही दागिना नसलेली बायको त्यांनी कधी पाहिली नव्हती. दार बंद झालं. मेंदूत काही सापडलं, तर गाव पुन्हा आपल्याच नावाने बोटं मोडणार, हा विचार आधी आला. तो आधी आला याची मग त्यांना लाज वाटली.

दोन दिवसांनी बाईंनी अहवाल वाचला. "मानेतल्या, मेंदूतल्या सगळ्या नसा स्वच्छ आहेत."

कोंडाजींनी टोपी काढून डोळे पुसले. सारजाबाईंचं मात्र काहीतरी विचारायचं राहिलं होतं.

"मॅडम, पिरंगुटच्या डॉक्टरांनी मला रागवायचं न्हाई म्हणून सांगितलं व्हतं. अकरा वरसं मी दात दाबून बसलीय. आता रागावलं तर चालंल का?"

"रागाने नस बिघडत नाही," बाई म्हणाल्या. "फुग्याचं उरकू दे, बीपी खाली येऊ दे. मग खुशाल रागवा."

फुग्याचं उरकलं. पंधरा दिवसांनी तपासणीत बीपी एकशे चोवीस भरलं. सुधीरने गाडी परतीला लावली. चांदणी चौक मागे पडल्यावर सारजाबाई सावरून बसल्या.

"आवं, माज्या धाकट्या भनीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, तुमी माज्या बापाला काय बोलला व्हता, आठवतंय?"

आवाज चढा नव्हता. घाईही नव्हती. कोंडाजींनी आशेने पुढे सुधीरकडे बघितलं. सुधीरने गाडीच्या काचा वर घेतल्या आणि वेग कमी केला.

भूगाव गेलं. पिरंगुटच्या चौकात नेहमीप्रमाणे वाहनं तुंबली होती. सारजाबाई तेव्हा कुठे अकरा वर्षांतल्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत आल्या होत्या.