जीपला माहेरचं बोलावणं

जानूतात्याच्या जीपचं दार कुणी आपटलं, की तात्या तिथल्या तिथे गाडी थांबवून विचारायचा, "सासू हायस काय रे तिची?" आपटणाऱ्याला खाली उतरून, पुन्हा बसून, दार हळू लावावं लागे. त्याशिवाय गाडी हलत नसे.

शहापूर ते मुरबाड प्रवासी जीप चालवणारा तात्या माझा शेजारी. बायको हिरा वारलेली, मूलबाळ नाही. जीपला तो 'बाय' म्हणे. चढावर "चल गो बाय, थोडाच राह्यला," आणि उतारावर "दमानं गो." टायरला लाथ मारून हवा बघणाऱ्या पंक्चरवाल्याशी तो वर्षभर बोलला नव्हता.

तसलीच जीप माझ्याकडेही होती. दोघांनी एकाच दिवशी घेतली. मी हमाली करता करता भाताचा व्यापारी झालेला माणूस. देवळापुढे नारळ घेतानाही घासाघीस करतो. शोरूमवाल्याशी दोन तास भांडून मी जीपवर ताडपत्रीचा टप फुकट ठरवला होता. त्याने तो दिला नाही. पुन्हा तुमची पायरी चढणार नाही, असं मी त्याच्या तोंडावर सांगून आलो. आजही सांगतो, चूक त्याचीच होती.

पुढे दोन वर्षांनी कंपनीचं पत्र आलं. 'आपले वाहन परत बोलावण्यात येत आहे. स्टिअरिंगचा सदोष जोड विनामूल्य बदलून मिळेल.' स्टँडवर पहिलं वाक्य ऐकूनच पळापळ झाली. परत बोलावतात म्हणजे गाडी ओढून नेणार! खर्डीच्या एकाने तर जीप पेंढ्याखाली लपवली. तात्याने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाला, "येड्यांनो, म्हायारचं बोलावनं हाय ह्ये! कंपनी म्हंजे तिची आय. आयनं बोलावलं तर नाय म्हनू नये."

दुसऱ्याच दिवशी त्याने जीपला हळदकुंकू लावलं, पुढच्या सीटवर तांदूळ, नारळ, खण ठेवून तिची ओटी भरली आणि कल्याणला त्याच शोरूमच्या वर्कशॉपात नेली. फिटर ओटी उचलायला तयार होईना. तात्या त्याला म्हणाला, "तू मामा तिचा. लाजतोस कशाला?"

परत आला तो थेट माझ्या अंगणात.

"शेट, तुजी कदी धाडतोस?"

"आधी टप, मग गाडी."

"आनि जोड तुटला तर?"

"फुकट देणारा दुकानदार मी अजून बघितला नाही, तात्या. एक बदलतील आणि चार बिघडवतील."

माझा ड्रायव्हर रोज माणसं भरून मुरबाडला जातच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो निघणार, तर तात्या माझ्या जीपपुढे मातीत मांडी घालून बसलेला. माझं डोकं फिरलं.

"ऊठ, नाहीतर अंगावर घालीन!"

"घाल. तुजा स्टेरिंग मला चुकवून वळतोय का, त्ये तरी कळंल!"

प्रवासी खदाखदा हसले. मग एकेक करून खाली उतरले.

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात तात्या हलकेच म्हणाला, "माज्या हिराला आयचं बोलावनं आलेलं. आय आजारी. मी म्हनलो, आवनी उरकू दे, भात लागू दे, मग जा. आवनी उरकली. आय नाय थांबली. हिरा मला काय बोलली नाय रे. मरंपर्यंत कदी काय बोलली नाय."

मी ड्रायव्हरला उतरवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसलो. तात्या शेजारी. कल्याणला फिटरने जोड काढला, तर त्याच्या हातातच जोडाचे दोन तुकडे झाले. मी घाम पुसला.

येताना वाशिंदच्या पुढे एक कच्चा फाटा लागला. तात्या म्हणाला, "हितून आत हिराचं गाव."

"जायचं?"

"नको. आता कोन वळखनार?" फाट्याकडे बघतच पुन्हा म्हणाला, "नको."

मी जन्मभर सौदे केलेत. न विचारता दुसऱ्यांदा 'नको' म्हणणाऱ्या माणसाला काय हवं असतं, ते मला कळतं. मी गाडी आत वळवली.