निकम सरांची बिनगोड साखर

अंथुर्णे गावात साखरेला नावं ठेवणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे निकम सर. लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली की पानावर हात आडवा धरून वाढप्याला विचारणार, "ही साखर काय धरून ठेवते? काहीच नाही! खरी साखर बघायची तर घरी या." वाढपी पुढं पळतो. पंगतीला सगळे कारखान्याला ऊस घालणारे.

सरांची साखर गोड नसते, ती अंगात असते. पुण्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर तिचाच अभ्यास केला, लग्नसुद्धा केलं नाही. रिटायर झाल्यावर मायक्रोस्कोप घेऊन गावी आले. दर बुधवारी खाटकाकडून बकऱ्याचा कान आणतात. गावाला वाटतं सर चोरून मटण खातात. माणूस अंड्यालासुद्धा शिवत नाही. कानाच्या कातडीचे पातळ काप काढतात, वस्तऱ्याच्या पात्यानं.

मी चौथी शिकलेला, तरी मला समजतं, म्हणजे सर बरं सांगत असणार. कातडीत मास्ट नावाच्या पेशी. त्यांच्या पोटात बारीक पिशव्या. पिशवीत प्रोटीनचा दोरा, उसासारखा, आणि त्याला पाचटासारख्या साखरेच्या लांब माळा. त्या माळांना हिस्टामिन नावाचं जालीम रसायन चिकटून गप्प बसलेलं. ज्याच्या अंगाचं एखाद्या विषाशी वाकडं असतं, त्याला ते विष लागलं की पिशव्या फुटतात, आणि सगळं एकदम मोकाट सुटतं.

"आबा, रंग टाकला निळा, पेशी झाली जांभळी! कुणामुळं?"

"साखरेमुळं," मी म्हणायचं. रोज. मग सर खूश.

मला बघायला आवडायचं. पण मी जायचो ते एक गोष्ट विचारायला.

आमची मंडळी गेल्या साली गांधीलमाशी डसून गेली. घरामागच्या डाळिंबात होती, मानेला डसली. मी कोयत्याचं लोखंड घासलं, वर चुना लावला. आमच्यात तेच करतात. तिचे ओठ सुजले, धाप लागली, तेव्हा "धावा रं" म्हणून ओरडलो. बारामतीच्या दवाखान्याच्या वाटेवरच संपलं.

एक दिवस सरांना सरळ विचारलं, "खरं सांगा. मी लोखंड घासत बसलो म्हणून मेली का ती?"

सर काचेतच बघत होते. "घासल्यानं काही होत नाही, आबा. चांगलंही नाही, वाईटही नाही."

"आन् येळ गेला त्याचं?"

"वेळ गेला."

मग सरांनी काचेवरून डोळा काढला.

"माझाही गेला," ते म्हणाले. "तुमची हाक ऐकली होती मी. काप रंगात घातला होता. म्हटलं दोन मिनिटांनी जाऊ. अशा वेळी लगेच दवाखान्यात नेऊन सुई टोचावी लागते, हे गावात मला एकट्याला माहीत होतं."

मी उठून घरी आलो. सहा दिवस गेलो न्हाय. राग होता, खोटं कशाला बोलू.

सातव्या दिवशी सर आमच्या ओट्यापाशी येऊन उभे राहिले. हातात काही नव्हतं.

"आबा, आज काही सांगणार नाही. नुसतं बसू का?"

मी घोंगडीवर जरा सरकून बसलो.