गॅलनला चाळीस

आशाचं लग्न ठरल्यात जमा होतं. पत्रिका जुळली होती, मुलगा पसंत होता, मुलीनंही मान हलवली होती. अडलं होतं ते फक्त गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर.

आशाचे वडील उत्तमराव हे डोणगावचे बागाईतदार. खामगावच्या एका गिरणीतला गोरा इंजिनीअर मायदेशी परत निघाला, तेव्हा त्याची हौसेची गाडी उत्तमरावांनी विकत घेतली होती. लाल, बुटकी, दोन दारांची, मागचं झाकण पेटीसारखं वर उघडणारी आणि शेपटाशी दोन धुराडी. ती सुरू झाली की गल्लीतली कुत्री आधी पळायची आणि मग भुंकायची. गाडीबरोबर कंपनीचं पुस्तकही आलं होतं. त्यात छापलं होतं की गाडी एका गॅलनला चाळीस मैल देते. उत्तमराव मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेले असल्यामुळे एवढी ओळ त्यांना वाचता आली आणि तेव्हापासून त्यांनी दुसरं काही वाचलं नाही.

प्रत्यक्षात गाडी अठराच्या पुढे कधी गेली नव्हती. पण उत्तमरावांच्या मते ही पुस्तकाची चूक नव्हती. चूक रस्त्याची होती, बैलगाड्यांची होती, वऱ्हाडच्या उन्हाची होती. छापलेलं खरं आणि घडलेलं खोटं, असं मानणारी माणसं त्या काळी सरकारात पुष्कळ होती. डोणगावात एकटे उत्तमराव होते.

मुलाचे वडील शेषराव हे जळगाव जामोदचे कापसाचे अडते. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणणारे लोक पकडण्यात त्यांचा जन्म गेला होता. कापसाच्या गाडीत हात खुपसून पाणी विहिरीचं की नाल्याचं हे ते सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. बोलणी करायला उत्तमराव त्यांच्याकडे गेले, तेव्हा शेषरावांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "आमाले हुंडा नको. आमचं एकच म्हणणं हाय, सोयऱ्यानं खरं बोलावं."

उत्तमराव सगळं खरंच बोलले. जमीन खरी सांगितली, मुलीचं शिक्षण खरं सांगितलं, आपल्याला दमा आहे हेही सांगितलं. मग पान लावता लावता शेषरावांनी सहज विचारलं, "गाडी किती देते?"

"चाळीस."

शेषरावांचं बोट चुन्याच्या डबीतच थांबलं. "माह्यी जीप बारा देते."

"जीप ते जीप. हे विलायती हाय."

"विलायती असली म्हणून काय वासावर चालते?"

"पुस्तकात छापेल हाय, इवाई."

शेषरावांनी पान तोंडात टाकलं. ओल्या कापसात हात घातल्यावर होते तशी त्यांची मुद्रा झाली होती. "असं करा," ते म्हणाले. "साक्षगंध आमच्या इथं ठेवू. डोणगाव ते जळगाव ऐंशी मैल. टाकीत दोन गॅलन टाकून याच गाडीत या. पुरलं तर पोरगी आमची. नाही पुरलं तर मंग बाकीचंबी किती पाणी मारेल हाय ते पाहा लागन."

उत्तमरावांनी ताबडतोब होकार दिला. होकार देऊन झाल्यावर त्यांना घाम फुटला.

साखरपुड्याच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं शेषरावांचा मुलगा पंजाब, म्हणजे खुद्द नवरदेवच, डोणगावला हजर झाला. त्यानं टाकी रिकामी करून घेतली, स्वतःसमोर दोन गॅलन पेट्रोल टाकायला लावलं, मग आत निंबाची काडी बुडवली आणि ओल दिसली तिथं चाकूनं खाच पाडली. नेमका त्याच वेळी आशानं चहा आणल्यामुळे अर्धी खाच काडीवर आणि अर्धी बोटावर पडली. बोट बांधून, काडी घेऊन तो आल्या एसटीनं परत गेला.

इकडे उत्तमरावांनी पुस्तक उघडलं. चाळीसचा आकडा मिळवायला गाडीत फक्त चालवणारा असावा, ओझं नसावं, रस्ता सपाट असावा, वगैरे अटी बारीक अक्षरात दिल्या होत्या. रस्ता सपाट करणं बांधकाम खात्यालाही जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी ओझ्याला हात घातला. जादा चाक काढलं, हत्यारं काढली, पायाखालचं कापड काढलं. मग त्यांची नजर बायको-मुलीकडे वळली.

"तुमी दोघी येष्टीनं या."

शालूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पोरीले येष्टीनं धाडता अन् गाडी रिकामी नेता? साक्षगंध पोरीचं हाय का गाडीचं?"

उत्तमरावांनी पुस्तक मिटलं. दोघी गाडीत बसल्या. मागच्या झाकणाखाली शालूबाईंनी लाडवांची दुरडी, नारळ आणि लुगड्यात गुंडाळलेला एक डबा ठेवला. डब्यात काय आहे हे उत्तमरावांनी विचारलं नाही. उगाच जड आहे, एवढंच ते पुटपुटले.

प्रवास कसा झाला ते न सांगितलेलं बरं. वारा आत शिरला की गाडी ओढली जाते, असं उत्तमरावांचं शास्त्र असल्यामुळे ऐन मे महिन्यात काचा बंद होत्या. उतार आला की ते इंजिन बंद करत आणि गाडी आवाज न करता बैलगाड्यांच्या मागून येई. मेहकरच्या अलीकडे एक गाडीवान इतका दचकला, की त्यानं बैल सोडून आधी रामराम घातला.

जानेफळजवळ उत्तमराव पाय मोकळे करायला बाभळीमागे गेले. शालूबाई झटकन उतरल्या, झाकण उचललं आणि डबा बाहेर काढला. टाकीचं तोंड मागेच होतं. वर केलेल्या झाकणाचा चांगला आडोसा झाला.

"आई, काऊन वं?" आशानं हळूच विचारलं.

"तुह्या बापाचं पुस्तक खरं करून राह्यली. गप बस."

घाईत थोडं पेट्रोल लाडवांवर सांडलं. शालूबाईंनी ते पदरानं पुसलं आणि उत्तमराव येण्याआधी जागेवर येऊन बसल्या.

आता वास्तविक अमडापूरच्या आसपास गाडीनं मान टाकायला हवी होती. उत्तमराव मनातून तयारही होते. काय सबब सांगायची तेसुद्धा ठरवून झालं होतं. पण अमडापूर गेलं आणि गाडी चालतच राहिली. उत्तमरावांनी एक काच खाली केली. आणखी चार मैलांनी दुसरी केली. खामगाव दिसायला लागलं तेव्हा त्यांनी उतारावरही इंजिन बंद करायचं सोडून दिलं होतं.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "छापेल गोष्ट खोटी नसते."

"हाव," शालूबाई म्हणाल्या.

खामगावात शालूबाईंचे भाऊ भगवानराव गाडीत बसायचे होते. त्यांच्याकडे जेवण होतं. मेव्हण्याच्या तोंडून चाळीसचा आकडा दोन वर्षं ऐकून भगवानरावांचे कान किटले होते, आणि एरवी त्यांनी ही गाडी भर चौकात बंद पडताना आनंदानं पाहिली असती. पण भाचीच्या लग्नाचा प्रश्न होता. उत्तमराव दुसऱ्यांदा भात घेत होते, तेव्हा भगवानराव हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि आपल्या मोटारीसाठी ठेवलेलं पेट्रोल त्यांनी लाल गाडीत ओतलं. बहिणीला त्यांनी सांगितलं नाही. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं त्यांचं मत होतं. शालूबाईंनीही भावाला सांगितलं नाही. त्यांचं पुरुषांबद्दल तेच मत होतं.

खामगाव ते जळगाव हा टप्पा उत्तमरावांनी गोऱ्या साहेबालाही लाजवेल अशा वेगानं मारला. नांदुऱ्याला एक एसटी मागे टाकली. पूर्णेच्या पुलावर त्यांनी उगाच हॉर्न वाजवला. भगवानरावांसारखं दणकट माणूस मागे बसलेलं असूनही गाडी दमली नाही, याचं त्यांना भारी कौतुक वाटत होतं.

शेषरावांच्या दारात मंडळी उतरली. पाय धुवायला पाणी आलं, पुष्पाबाई म्हणजे मुलाची आई विहिणीला घेऊन आत गेल्या. या गडबडीत नवरदेव पंजाब एक डबा घेऊन गाडीमागे गेला. सकाळी चहाचा कप घेताना त्याचा निश्चय झाला होता. सासऱ्याची गाडी बापाच्या परीक्षेत नापास होऊ द्यायची नाही, मग बाप काही का म्हणेना.

ओसरीवर शेषरावांनी लाडू उचलला. एक घास घेतला आणि चघळता चघळता ते थांबले.

"इहीनबाई, तूप कोणतं?"

"घरचंच हाय," दाराआडून शालूबाई म्हणाल्या.

"जोर हाय त्याच्यात," शेषराव म्हणाले आणि उरलेला लाडू त्यांनी ताटलीत ठेवून दिला. मग शांतपणे काडी मागवली.

सगळी मंडळी गाडीभोवती जमली. उत्तमरावांचा जीव आता भांड्यात पडला होता. गाडी आली, हेच पुष्कळ होतं. टाकीत एक थेंब जरी निघाला तरी ते जिंकले होते. शेषरावांनी काडी घातली, तळाला टेकवली आणि बाहेर काढली.

ओल खाचेच्या चार बोटं वर होती.

शेषरावांनी काडी धोतराला पुसली आणि पुन्हा घातली. पुन्हा चार बोटं वर. शालूबाईंनी दारातून भावाकडे पाहिलं. भगवानरावांनी बहिणीकडे पाहिलं. पंजाब कौलं मोजत होता. फक्त उत्तमरावांच्या चेहऱ्यावर निर्मळ समाधान होतं. कंपनीवाले भिडस्त असावेत, उगाच कमी छापतात, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"मी चाळीसच सांगतलं होतं," ते म्हणाले. "जास्त देत असन तर माह्या अंगावर नाही."

"उत्तमराव," शेषराव म्हणाले, "हे गाडी पेट्रोल खात नाही. हे तर दूध देल्यासारखं पेट्रोल देते."

"तुमीच मोजलं."

"मोजलं ना. आता आयका. हुंडा नको म्हणलं होतं मी. तो शब्द मांगं घेतो. मले हे गाडी पाह्यजे. रोज नांदुऱ्याले जाईन अन् वापस येईन. वर येईन ते पेट्रोल इकीन. कापसात आता काही राह्यलं नाही."

शेषराव हसत नव्हते. उत्तमराव मात्र पहिल्यांदाच काडीकडे नीट पाहू लागले. मॅट्रिकच्या गणितातही ऐंशी मैल चाललेली टाकी भरत नव्हती. त्यांनी शालूबाईंकडे पाहिलं, आणि शालूबाईंनी नजर चुकवली तेव्हा त्यांना सगळं कळलं.

गाडी द्यायला ते एका पायावर तयार झाले असते. चाळीसचा आकडा त्यांना गाडीपेक्षा प्यारा होता. पण उद्या हीच गाडी या दारात अठरा देईल. शेषराव रोज काडी घालतील. आणि भाकरी थापता थापता आशा जन्मभर बापाचं खोटं ऐकत बसेल. ती दाराशी उभी होती. काडीकडे तिचं लक्ष नव्हतं, ती बापाच्या तोंडाकडे पाहत होती.

"इवाई," ते म्हणाले. "पुस्तक खोटं हाय. गाडी अठरा देते."

शेषराव काही बोलणार, तोच दाराकडून शालूबाईंचा आवाज आला.

"तेबी उताराले."

शेषरावांनी काडी मोडली आणि दारापुढच्या नालीत टाकली. मग त्यांनी आत पाहून हाक मारली, "अवो, पाट मांडा अन् कुंकू आणा. बाप पाणी मारते, पण माय खरं बोलते. एका घरात एवढं लय झालं."

शालूबाईंनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाई किती विनयाची आहे.