भित्रा पंप

तेलाचा रिकामा डबा.

येवल्याच्या बाळासाठी विणलेलं लोकरीचं टोपडं.

जळालेल्या पंपाबद्दल एक वाक्य: "माणूस असता तर घाबरला असता."

एक कासव.

दसऱ्याला नऊ दिवस.

सावळीराम कारखान्यात वायरमन होता. मखमलाबादच्या मळ्यातला पंप त्यानं स्वतः 'आपोआप' केला होता: वीज आली की सुरू. जूनमध्ये मात्र विहीर आटली तरी पंप फिरत राहिला आणि जळाला. दसऱ्याच्या तोंडावर नवा पंप आणल्यावर सावळीरामनं निदान केलं.

"याला भीती नाय. पाणी सरलं की घाबराया पाहिजे."

"मग घाला भीती," त्याची बायको लताबाई म्हणाली. "रविवारी मला येवल्याला जायचंय. भाच्याचं बारसं हाय. अन् झेंडू वाळला तर दसऱ्याला पंचवटीच्या बाजारात काय न्यायचं?"

भीती म्हणजे पाण्यावर तरंगणारा डबा. पाणी खाली गेलं की डब्याची दोरी बटण ओढणार, पंप बंद. सोमवारी भीती बसली. मंगळवारी विहिरीतलं कासव डब्यावर चढून बसलं. डबा बुडाला, दोरी ताणली. काठोकाठ पाण्यात पंप भिऊन गप्प.

"लय भित्रा निघाला," लताबाई म्हणाली.

"त्याला धीर देतो." सावळीरामनं जुनं घड्याळ जोडलं. दर पंधरा मिनिटांनी पंप धीर करून सुरू व्हायचा, कासव दिसलं की पुन्हा कच खायचा.

"आवं, हा तर तुमच्यावर गेला. माझ्या बापासमोर असंच करायचे तुम्ही."

शुक्रवारी झेंडूनं माना टाकल्या. सावळीराम म्हणाला, "आता काळजी बसवतो."

"ती कुठं बसते?"

"घंटेत. पंप दोनदा अडला की घरात घंटा वाजणार."

"मग?"

"मग कोणीतरी जाऊन बघायचं."

"कोणी?"

सावळीराम पक्कड शोधू लागला. ती त्याच्या हातातच होती.

रविवारी टोपडं शेजारणीच्या पिशवीतून, एसटीनं, येवल्याला गेलं.

दसऱ्याला झेंडू टपोरा होता. शेजारच्या मळ्यातला धोंडीराम पंप बघायला आला.

"माणसाबिगर चालतो म्हणं?"

"माणूस लागतच नाय. मी तर दिवसभर कारखान्यात असतो."

घरात घंटा वाजली. लताबाई पिठाच्या हातानं विहिरीकडे निघाली, कासवाला काठीनं ढोसलं आणि परत पोळपाटाशी येऊन बसली.

"बघा," सावळीराम म्हणाला, "झाला सुरू. आपोआप."

जूनमध्ये जुना पंप जळाला, त्या दिवशी लताबाई भावजयीच्या डोहाळजेवणाला येवल्याला गेली होती.